अवरेचे दिवस आणि ओठांवरचं बोट

अवरे आली की आधी माझ्या नाकाला कळतं. डिसेंबरच्या सकाळी बेंगळुरूच्या यशवंतपूर मार्केटकडून वारा सुटला की त्यात तो वास असतोच, हिरवा, थोडा तेलकट, दवात भिजलेल्या शेंगांचा. इथले लोक त्या वासाला सोगडु म्हणतात आणि शेंग विकत घेण्याआधी नाकाशी धरतात. निपाणीहून आमचे व्याही आले की दरवर्षी हसतात. "अहो, पावटाच की हा! एवढं काय कौतुक?" पावटा म्हणे! मग आंब्यालाही पिकलेली कैरी म्हणा आणि गप्प बसा.

आज सकाळी दारात हातगाडी थांबली. गाडीवाल्यानं मूठभर शेंगा माझ्या नाकापुढे नाचवल्या. "सोगडु नोडि, अज्जा!" वास बघा, म्हणाला. बघितला. वास तोच, गल्लीतली थंडी तीच, शेंगांच्या टरफलांवर ताव मारणारी गायही बहुतेक त्याच घराण्यातली. पिशवीभर घेतल्या आणि आत आलो.

अवरे खायची तर बसकण मारावी लागते. आधी शेंगा सोलायच्या, मग दाणे पाण्यात भिजवायचे आणि फुगले की एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. वरचं साल बोटांत राहतं आणि आतली डाळ सुळकन बाहेर उडते. ती पातेल्यात पडली तर पडली, नाहीतर थेट कपाटाखाली. हे एकट्यानं करायचं काम नव्हे. घरातली सगळी माणसं परातीभोवती बसतात, हात चालू राहतात आणि त्याहून जास्त तोंडं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, सगळ्या यशवंतपूरची हजेरी त्या परातीवर घेतली जाते. माझ्या जिभेला तर उपजत हाड नाही. ही होती तेव्हा म्हणायची, "दाणे कमी सोलता आणि माणसं जास्त."

त्या परातीशी माझ्या मांडीला मांडी लावून बसायची माझी नात, कावेरी. आमची कावू. डॉक्टरांच्या फायलीत तिच्यासाठी 'बौद्धिक अक्षमता' असा जडजंबाल शब्द होता. घरात आम्ही एवढंच म्हणायचो, कावूला वेळ लागतो. चालायला लागला, बोलायला लागला, चपलेचा पट्टा लावायला अजून लागतो. पण दाणा दाबण्यात मात्र ती पटाईत. डाळ चिमटीतून उडाली की टाळ्या पिटून ओरडायची, "पळालं!" मग मी ओरडायचो, "पकडा पकडा!" आणि म्हातारा नि पोर दोघं गुडघ्यांवर रांगत कपाटाखाली. आमची सून शिल्पा स्वयंपाकघरातून म्हणायची, "मामंजी, लहान कोण आहे तुमच्यात, एकदा ठरवा!" तो 'पळालं' माझ्या कानांत अजून तस्साच आहे.

मला आठवतात ते तिच्या तिसरीतले अवरेचे दिवस. विसरायचे म्हटले तरी ही शेंग विसरू देत नाही.

कावू आमच्या घराजवळच्या साध्या शाळेत जायची, चारचौघांच्या पोरांबरोबर. शाळेनं तिला घेतली तेव्हा प्रशांतनं, माझ्या मुलानं, म्हैसूरपाक वाटला होता. शाळेच्या फाटकाशी एक मोठा फलक होता. सगळ्या प्रकारची मुलं एकमेकांचे हात धरून गोल उभी आहेत आणि मधोमध आमची कावू, दोन वेण्या, दात पडलेला. जाता-येता मी त्या फलकापुढे उगाच थांबायचो. पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथवर आयुष्य घासलेला माणूस मी, आमच्या घरातल्या कुणाचा फोटो कधी फलकावर लागला नव्हता. छाती भरून यायची, खोटं कशाला बोलू?

शाळेत ती काय शिकली म्हणाल, तर आधी एक गोष्ट अगदी पक्की शिकली. मिस "फिंगर ऑन द लिप्स!" म्हणाल्या की वर्गातली पोरं ओठांवर बोट ठेवायची आणि मिस वळल्या की काढायची. कावूचं बोट मात्र मिस 'पुरे' म्हणेपर्यंत तिथंच. घरी बातम्या लागल्या की आम्हालाही तीच शिस्त लावायची. मी मुद्दाम बोट खाली घेतलं की डोळे वटारायची. एवढी आज्ञाधारक पोर मी दुसरी पाहिली नाही.

पण खरं शिकवलं ते पोरांनी. तिच्या बाकावर नंदिनी नावाची कानडी मुलगी होती, आमच्याच गल्लीतली, चुरूचुरू बोलणारी. संध्याकाळी त्यांचा कुंटेबिल्लेचा डाव आमच्या दारात रंगायचा. जमिनीवर खडूनं चौकोन आखायचे आणि एका पायानं लंगडत जायचं. सुरुवातीला कावू कच्चं लिंबू होती. रेघेवर पाय पडला तरी आऊट नाही. कानडीत याला म्हणतात, 'आटक्कुंटु, लेक्कक्किल्ला', खेळात आहे पण मोजणीत नाही. एके दिवशी कावूचा पाय रेघेवर पडला आणि नंदिनी कमरेवर हात ठेवून ओरडली, "कावू औट!" मी खुर्चीतून उठायला लागलो. तेवढ्यात कावू अशी काही हसली! "मी औट! अज्जा, मी औट!" घरभर सांगत सुटली. कुणीतरी पहिल्यांदाच तिला मोजलं होतं.

त्या वर्षी अवरे नुकतीच आली असताना शाळेतून बोलावणं आलं. प्रशांत आणि शिल्पा गेले, मीही मागून गेलो. मिस होत्या, थोरल्या बाई होत्या आणि अधूनमधून शाळेत येणाऱ्या एक सल्लागार बाई. बोलायला सगळ्या गोड. अडचण अशी की कावू वर्गात एका वाक्यात तीन भाषा घालते. पाणी मराठीत मागते, नको कानडीत म्हणते आणि थँक्यू इंग्रजीत. अशा मुलांच्या डोक्यावर इतका भार नको. एकच भाषा ठेवा, शाळा इंग्रजी आहे तर घरीही इंग्रजीच. संक्रांतीच्या सुमारास परत तपासू, आणि प्रगती दिसली नाही तर 'तिच्यासाठी योग्य अशी' शाळा सुचवू. काढू म्हणाल्या नाहीत हं, सुचवू म्हणाल्या. मिस खाली मान घालून साडीचा पदर चाळवत होत्या.

आम्ही परत निघालो. फलकापाशी शिल्पाला रडू आलं.

आमची मंडळी या गावात किती पिढ्यांपूर्वी आली, ते मलाही नीट ठाऊक नाही. आली ती कापड घेऊन आली आणि राहिली. दुकानात कानडी, देवघरात मराठी आणि भांडताना जे आधी तोंडात येईल ते. मोठ्या भावाला अण्णा, शेजारणीला अक्का, 'बरं' म्हणायचं तिथं 'सरी'. इथं बसमध्येसुद्धा माणूस तिघांच्या जागेवर चौथा टेकतो आणि म्हणतो, 'स्वल्प अडजस्ट माडि'. स्वल्प म्हणजे थोडंसं. थोडं तुम्ही सरका, थोडा मी. या गावानं आम्हाला असंच सरकून जागा दिली. घरात काय बोलता, असं दारावर येऊन कुणी विचारलं नाही. आणि माझ्या नातीला मात्र बाकावर वीतभर जागा हवी तर तिनं अख्खं घर सोडून यायचं! हे स्वल्प नव्हे. हे मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. शब्द आता सुचतात, शेंगा सोलताना. तेव्हा इंग्रजीपुढे माझी बोबडी वळली होती.

माझं इंग्रजी म्हणजे कारखान्याचं. शिफ्ट, ओव्हरटाइम, ओके, रिजेक्ट. तेवढ्या भांडवलावर नातीशी काय बोलणार? दोन दिवस प्रयत्न करून पाहिला. दाणा हातात घेऊन म्हटलं, "ओके." किडका निघाला, म्हटलं, "रिजेक्ट." कावू माझ्या तोंडाकडे बघत राहिली, हा अज्जा आज असा काय करतोय? मग मला म्हणाली, "अज्जा, गोष्ट." आणि मी सवयीनं सुरू झालो, "एक होती चिमणी..." शिल्पा दारात येऊन उभी राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मामंजी, संक्रांतीपर्यंतच. हात जोडते. तिची शाळा गेली तर ती पुन्हा मिळायची नाही."

प्रशांतनं मग कावूला समोर बसवलं. हे शेवटचं मराठीत सांगतो, असं आम्हाला म्हणाला आणि तिचे दोन्ही हात धरून सांगितलं, "कावू, अज्जाशी आपलं बोलायचं नाही. बोललीस की शाळा जाईल. शाळा पाहिजे ना?"

"पाहिजे," कावू म्हणाली. आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.

प्रशांतला दोष देऊ? त्याचे डोळे मी पाहिले होते. दिवसा महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे आणि सकाळ-संध्याकाळ बसमध्ये मान वाकडी करून झोपणारा पोरगा तो. त्याला आपली लेक चारचौघांच्या पोरांत हवी होती, बास. त्यासाठी त्याला कुणी डोक्यावर उभं राहायला सांगितलं असतं तरी तो राहिला असता. तिचं बरं व्हावं असं वाटणारी माणसंच होती सगळी. म्हणून तर कुणाशी भांडता आलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

ते अवरेचे दिवस आम्ही मुक्यानं सोलले. परातीभोवती माणसं तीच, पण आवाज फक्त सालांचा. शिल्पा दाणा वर धरायची. "बीन. से, बीन." कावू आईच्या तोंडाकडे बघायची, मग माझ्याकडे, मग खाली. डाळ चिमटीतून उडाली की तिचे खांदे उचलले जायचे, तोंड उघडायचं आणि लगेच बोट ओठांवर. मी उठून अंगणात जायचो. डिसेंबरात बेंगळुरूचं आभाळ काय सुंदर असतं! कोवळं ऊन, शेजारच्या भिंतीवर वाळत टाकलेले स्वेटर, रस्त्यात झाडाखाली गुलाबी फुलांचा सडा. मला त्या सगळ्याचा राग यायचा.

पूर्वी शाळेतून आली की ती दप्तर फेकून माझ्या मांडीवर चढायची आणि जे काय घडलं ते तिन्ही भाषांत कालवून सांगायची. त्या दिवसांत ती दप्तर जागेवर ठेवायची, माझ्याजवळ बसायची आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी खेळायची. न बोलता. मला वाटायचं, चला, शहाणी झाली, शांत झाली. शांत पोर घरात हवीहवीशी वाटते, हा मोठ्या माणसांचा जुना रोग आहे.

मग संक्रांत आली. इथं संक्रांतीला पोरी नवे परकर नेसून घरोघर एळ्ळु वाटायला निघतात. भाजलेले तीळ, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, गुळाचे बारीक खडे, वर साखरेचं पाखरू नाहीतर देऊळ आणि उसाचं कांडं. नंदिनी ताट घेऊन आमच्या दारात आली, डोक्यात वेणीभर अबोली. ठसक्यात म्हणाली, "एळ्ळु बेल्ला तिंदु, ओळ्ळे माताडि!" तीळगूळ खा आणि चांगलं बोला. आपलं 'गोड गोड बोला' तेच. ज्या घरात बोलणंच बंद, त्या घरात येऊन ती पोर असं म्हणाली आणि आम्ही तिघंही खजील होऊन एकमेकांकडे पाहायला लागलो.

कावू धावत आली. नंदिनीला बघून इतकी खुलली की तिला मिठीच मारली. आणि मग तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

"बघा हां!" नंदिनी कानडीत तक्रार करायला लागली. "शाळेत पण हेच. कुणाशी बोलतच नाही. डाव मांडला तरी औट म्हणत नाही. परवा त्या बाहेरून येणाऱ्या मॅडमनी चित्रं दाखवली ना, मला खिडकीतून दिसत होतं. मांजर, बस, म्हातारा. सगळं येतं हो तिला! पण मॅडम विचारायच्या आणि ही अशी..." नंदिनीनं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "मी विचारलं, का गं? तर कानात म्हणाली, बोललं की शाळा जाते."

'अज्जाशी आपलं' एवढे दोनच शब्द तिच्या हातून निसटले होते, नाहीतर बापाचं वाक्य तिनं तंतोतंत पाळलं होतं. शाळा राहावी म्हणून ती शाळेतसुद्धा मुकी झाली होती.

त्याच आठवड्यात प्रशांतनं शाळेत जाऊन सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मिस रडल्या. सल्लागार बाई म्हणाल्या, समजू शकते, पण आता तिचे इथं हाल होण्यापेक्षा... आणि सुचवलं. कायद्यानं कुणी काढू शकत नाही, हे प्रशांतला ठाऊक होतं आणि त्यांनाही. पण भांडायला माणसात जीव लागतो, आणि रोज ज्यांच्या हाती पोर सोपवायची त्यांच्याशीच भांडायला तर दुप्पट. अवरेचा हंगाम संपायच्या आत दारात व्हॅन यायला लागली. लांबची, वेगळी शाळा. माणसं चांगली होती तिथली. वर्ग रंगीत होते, गाणी होती. फक्त नंदिनी नव्हती. चौकोन आखून 'औट' म्हणणारं कुणी नव्हतं. नंदिनी काही संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून व्हॅनची वाट बघायची. व्हॅन उशिरा यायची. मग तिची आई हाक मारायची. पुढं ते घर बदलून गेले.

आणि जुन्या शाळेच्या फलकावर कावू कितीतरी दिवस तशीच हसत होती, सगळ्यांचे हात धरून. खेळात होती, मोजणीत नव्हती.

नव्या शाळेतल्या एका बाईंनी आम्हाला नंतर सांगितलं, "घरची भाषा कशाला बंद केलीत? बोला की जी येते ती. त्यानं काही बिघडत नाही." एवढं सोपं! मग मी पुन्हा बोलायला लागलो. पण मी 'कावू, ऐक' म्हटलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. आईवडिलांशी ती इंग्रजीत चार शब्द बोलायची, वॉटर, फॅन, थँक्यू. मला वाटलं, मराठी विसरली. कळत नाही, म्हणून कंटाळून उठते. स्वतःची समजूत घातली की म्हाताऱ्याच्या बडबडीविना कुणाचं काही अडत नाही. पण जीव तुटायचा हो. माझी सगळ्यात लाडकी श्रोती गेली होती.

आता ती ओढणी नीट पिना लावून घेणारी मोठी मुलगी आहे. सकाळी कागदी पिशव्या करायच्या केंद्रात जाते. आज तिला सुट्टी होती. प्रशांत आणि शिल्पा ऑफिसला गेलेले, घरात आम्ही दोघंच. सकाळी घेतलेली अवरे सोलून भिजत घातली होती. दुपारी परात मधे घेतली. मी तोंड मिटून बसलो, बोललो तर ती उठून जाईल म्हणून.

एक टपोरा दाणा तिनं चिमटीत धरला, दाबला. डाळ अशी उडाली की माझ्या चष्म्यावर आपटून कपाटाखाली.

"पळालं!"

स्पष्ट. मोठ्यानं. टाळी वाजवून. मला भास झाला असं वाटलं, पण नाही, तिचेच दात दिसत होते. मी आनंदानं वेडाच झालो. "अगं पळालं! पकडा, पकडा! कावू, बोललीस गं, आठवतंय तुला!"

तिचं हसू झर्रकन उतरलं. तिनं दाराकडे पाहिलं. मग पुढं झुकून स्वतःचं ओलं बोट, अवरेचा वास येणारं, माझ्या ओठांवर ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "अज्जा, शाळा जाईल."

विसरली नव्हती ती. काहीच विसरली नव्हती. एवढी वर्षं दर वेळी उठून जात होती ती माझ्यापासून नव्हे, शाळा वाचवायला जात होती. आणि ती शाळा तर कधीच गेली होती, हे तिला नीट बसवून सांगायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

मी तिच्या बोटाआडून म्हणालो, "नाही जात गं. आता बोललं तरी चालतं."

तिनं बोट आणखी घट्ट दाबलं.